‘हद्दपारी हा धंदा झालाय’ म्हणणाऱ्या लाओसच्या प्रवासवर्णनाला उत्तर

सेंटपॉलकर · शुक्रवार, रात्री ११.४०

उंडगा यांचं लाओसचं प्रवासवर्णन वाचलं. फोटो झकास आहेत, त्याबद्दल वाद नाही. लुआंग प्रबांगला पहाटे भिक्षेला निघालेली भिख्खूंची रांग, मेकाँगचा काठ, चिकट भाताची टोपली, सगळं मस्त. शेवटच्या परिच्छेदात मात्र गाडी घसरली. जसंच्या तसं देतो:

“इतका शांत, हसरा देश मी पाहिला नाही. आणि तिकडे मिनेसोटा-कॅलिफोर्नियात आरामात बसलेले काही ह्मोंग आणि लाओ म्हातारे पन्नास वर्षांपूर्वी हरलेली लढाई ‘मानवाधिकार’ या नावाखाली अजून विकतायत. हद्दपारी हा धंदा झालाय.”

(ह्मोंग म्हणजे लाओसच्या डोंगरांतली जमात. व्हिएतनाम युद्धाच्या काळात त्यातले बरेच अमेरिकेच्या बाजूनं लढले आणि १९७५ मध्ये लाओसमध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आल्यावर मेकाँग ओलांडून थायलंडला, तिथून अमेरिकेला आले.) तिथेच उत्तर देणार होतो, पण खाली सगळे चिकट भाताची कृती विचारतायत. म्हणून वेगळा धागा.

मी मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये एकोणीस वर्षं राहतो. आमच्या शेजारी एक ह्मोंग आजोबा आहेत. मला त्यांची भाषा येत नाही, त्यांचं इंग्रजी जेमतेम. उन्हाळ्यात ते कुंपणावरून मोहरीचा पाला आणि गवती चहा देतात, हिवाळ्यात मी त्यांच्या दारातला बर्फ काढतो. एवढंच नातं. त्यांच्या हॉलमध्ये एक भरतकामाचं कापड लावलंय, थायलंडमधल्या बान विनाई निर्वासित कॅम्पात बायका भरायच्या तसलं. वरच्या भागात विमानं आणि डोंगर, मध्ये पळणारी माणसं, खाली मेकाँग. बांबूच्या मोळ्या काखेत धरून लोक नदी ओलांडतायत आणि काठावर बंदुकवाले उभे. नातीनं एकदा मला एकेक चित्र समजावून सांगितलं. आजोबांचा धाकटा भाऊ त्या नदीतून बाहेर आलाच नाही. ‘विकतायत’ हा शब्द वाचला तेव्हा मला ते कापड दिसलं.

असो. हे भावनिक झालं, मास्तर येऊन रागावतील. आता मुद्द्याचं.

उंडगा, शांत म्हणजे कोणाला शांत? सोम्बाथ सोम्फोन हे नाव सोळा दिवसांत एकदा तरी कानावर आलं का? आपल्या प्रकाश-मंदाकिनी आमट्यांना २००८ साली मिळाला तोच मॅगसेसे पुरस्कार या माणसाला २००५ साली मिळाला होता. ना ह्मोंग, ना बंडखोर; शेती आणि तरुणांच्या शिक्षणावर काम करणारा साधा माणूस. १५ डिसेंबर २०१२ च्या संध्याकाळी राजधानी व्हिएनतियानमध्ये पोलीस चौकीपाशी त्यांची जीप थांबवली आणि दुसऱ्या गाडीतून त्यांना कुठेतरी नेलं. चौकातल्या कॅमेऱ्यात सगळं दिसतंय. सरकार म्हणतं आम्हाला माहीत नाही. बायको अजून विचारतेय. २०१९ मध्ये पूरग्रस्तांना मदत पोचत नाही असा व्हिडिओ टाकला म्हणून मुए या नावानं ओळखल्या जाणाऱ्या तरुणीला पाच वर्षं ठोठावली. एका व्हिडिओला पाच वर्षं! असा देश हसरा दिसणारच हो, तक्रार कोण करणार?

आणि आता ‘आरामात’. बँकॉकमध्ये ओद सायावोंग नावाचा लाओ कार्यकर्ता होता, संयुक्त राष्ट्रांनी निर्वासित म्हणून मान्य केलेला. २६ ऑगस्ट २०१९ पासून बेपत्ता. त्याच्याच गटातला बुनसुआन कितियानो, तोही मान्यताप्राप्त निर्वासित, मे २०२३ मध्ये थायलंडच्या उबोन राचाथानीत गोळ्या घालून मारलेला सापडला. २८ डिसेंबर २००९ ला तर थाई सैन्यानं फेत्चाबूनच्या कॅम्पातले चार हजारांहून अधिक ह्मोंग एका दिवसात ट्रक-बसमध्ये घालून लाओसला परत धाडले. नोंग खाईच्या कोठडीतल्या १५८ जणांना निर्वासित म्हणून मान्यता होती, त्यांनाही त्याच दिवशी. का? तर थायलंडनं निर्वासितांच्या करारावर सहीच केलेली नाही.

म्हणजे देशात बोललं तर तुरुंग, नदीपलीकडे बोललं तर गायब. मग उरलं कोण बोलायला? हेच सेंट पॉलचे म्हातारे. वॉशिंग्टनला जाऊन पायऱ्यांवर उभे राहतात, कोणी ऐकत नाही, बसमध्ये बसून परत येतात. हा धंदा असेल तर अत्यंत तोट्यातला.

उंडगा · शनिवार, सकाळी ८.०५

उत्तराबद्दल आभार. पण आधी हे कबूल करा की एकोणीस वर्षांत तुम्ही लाओसला एकदाही गेलेला नाहीत. मी गेलोय. तुम्ही शेजाऱ्याच्या भिंतीवरचं कापड बघून बोलताय, मी माणसांशी बोलून.

फोनसावनला माझा गाइड ह्मोंगच होता. दगडी रांजणांचं पठार दाखवलं त्यानं, बॉम्बचे खड्डे दाखवले, बॉम्बच्या पत्र्याचे चमचे दाखवले. त्याला मी मुद्दाम विचारलं, अमेरिकेतले तुमचे लोक एवढं बोलतात त्याचं काय? तो हसला. म्हणाला, “ते काका तिकडे रेडिओवर ओरडतात आणि इकडे आमच्या गावात रात्री नावं विचारायला माणसं येतात.” ज्यांच्यासाठी लढताय त्यांना तुमचा लढा नकोय, साहेब.

आणि ह्मोंग म्हटलं की सगळे एकाच बाजूचे, हे कुठून काढलं? फायदांग हा ह्मोंग पुढारी कम्युनिस्टांच्या बाजूनं लढला. पानी याथोतू या ह्मोंग बाई २०१० पासून अकरा वर्षं तिथल्या संसदेच्या अध्यक्ष होत्या, पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाल्या. तुमच्या सेंट पॉलच्या म्हाताऱ्यांचं दैवत म्हणजे जनरल वांग पाओ. सीआयएचा पगारी सेनापती. त्याच्या फौजेत पोरंसोरं भरती झाली. मे १९७५ मध्ये लाँग चेंगच्या आपल्या तळावरून स्वतः विमानात बसून निघून गेला आणि हजारो लोक धावपट्टीवर बघत राहिले. पुढे परतीच्या लढ्याच्या नावानं भांडी घासणाऱ्या निर्वासितांकडून वर्गण्या. २००७ मध्ये लाओस सरकार उलथवण्याच्या कटात अटक. याला मानवाधिकार म्हणायचं?

व्हिएनतियानला कृत्रिम पायांचं ते केंद्र बघा एकदा. १९६४ ते ७३ मध्ये अमेरिकेनं वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. छोट्या बाँबगोळ्या २७ कोटी, त्यातल्या जवळपास तीस टक्के फुटल्याच नाहीत. अजून पोरांचे हात जातायत. यावर तुमच्या आजोबांनी किती मोर्चे काढले?

फ्रेस्नोवाली · शनिवार, सकाळी ९.३०

उंडगा, तुम्ही स्वतः काय लिहिलंत ते परत वाचा. “रात्री नावं विचारायला माणसं येतात.” इतक्या शांत, हसऱ्या देशात रात्री नावं विचारायला नेमकं कोण येतं हो? जनगणनावाले?

उंडगा · शनिवार, सकाळी ९.४४

शब्द पकडू नका. मुद्दा समजून घ्या.

फ्रेस्नोवाली · शनिवार, सकाळी ९.५०

मुद्दाच पकडलाय.

मास्तर_निवृत्त · शनिवार, सकाळी १०.२०

सेंटपॉलकरांनी माझं नाव आधीच घेऊन ठेवलंय, तर रागावतोच.

छत्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. ज्या समाजात साक्ष म्हणजेच पुरावा मानला जातो, त्या समाजाचं काय होतं ते आपण रोज व्हॉट्सॲपवर बघतो. ह्मोंग प्रकरणात याचं उत्तम उदाहरण आहे आणि ते इथं कोणी काढलं नाही याचं नवल वाटतं. पिवळा पाऊस.

सप्टेंबर १९८१, बर्लिन. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग जाहीर करतात की लाओस-कंबोडियात रशियाच्या मदतीनं बुरशीचं विष विमानातून फवारलं जातंय. आधार काय, तर कॅम्पातल्या ह्मोंग निर्वासितांच्या जबान्या आणि पिवळे ठिपके पडलेली पानं. मिनेसोटा विद्यापीठातल्या एका वनस्पतिरोगतज्ज्ञाला नमुन्यांत विष सापडलं. ब्रिटिशांना सापडलं नाही. खुद्द अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळेला सापडलं नाही. ठिपक्यांत काय होतं? परागकण. तेही पचून पोकळ झालेले. हार्वर्डचे मॅथ्यू मेसेल्सन थायलंडच्या जंगलात जाऊन उभे राहिले आणि त्यांच्या अंगावर तो पाऊस पडला. मधमाश्यांची विष्ठा! थवाच्या थवा एकदम उडतो आणि शौच करतो, बस्स.

एका महासत्तेनं दुसरीवर रासायनिक युद्धाचा आरोप केला आणि निघालं काय, तर माशीची शी. त्यामुळे ‘नरसंहार’ वगैरे शब्द कोणी वापरला की मी आधी विचारतो, पानं कुठायत?

मधुबन · शनिवार, दुपारी १२.१५

मास्तर, तुमी आमच्या विषयात आलात म्हनून लिहितो, नायतर मी नुसता वाचक. महाबळेश्वरच्या बाजूला आमचं गाव, आजोबापासून मधाचा धंदा. तुमी म्हंता ती माशी म्हंजे आपलं आग्या मोहोळच. तीच जात, सह्याद्रीतबी तीच आन् तिकडं थायलंडातबी तीच. उंच कड्याला नायतर मोठ्या झाडाला लोंबतं.

पिवळा पाऊस आमी दरसाल बघतो. बायका वाळवनं घालत्यात, पांढरी चादर आसंल तर मोहरीएवढे पिवळे ठिपके. पंधरा-वीस मोहळं एकाच झाडाला आसली तर बगायलाच नको. पर मास्तर, ती माशी दुपारच्या उन्हात कोनी न छेडता उडती आन् हगून परत येती, त्यात कोन मरत न्हाई. आजवर एक मानूस की एक कोंबडी मेली न्हाई त्यानं. त्ये ठिपके माशीचे आसतील. पर मानसं कशानं मेली?

मास्तर_निवृत्त · शनिवार, दुपारी १२.४०

वा! असा प्रतिसाद हवा. प्रत्यक्ष निरीक्षण. मधुबन, ठिपक्यांचा रंग हंगामानुसार बदलतो का? जांभूळ फुलतं तेव्हा वेगळा? २००२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये संग्रामपूरला हिरवट-पिवळा पाऊस पडला तेव्हाही लोक घाबरले होते, त्यातही परागकणच निघाले. माणसं कशानं मेली हे वेगळं. हगवण, मलेरिया, उपासमार, गोळ्या.

मधुबन · शनिवार, दुपारी १.०५

रंग बदलतो की. कारवी फुलली की येगळाच. पुढच्या येळेला कागद घालून ठेवतो झाडाखाली.

फ्रेस्नोवाली · शनिवार, दुपारी १.३०

‘हे वेगळं’? माणसं मेली हे वेगळं आणि माशीची शी महत्त्वाची?

मी इथं कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोच्या एका दवाखान्यात बारा वर्षं काम करते. आमच्याकडे येणाऱ्या ह्मोंग आज्यांना दुभाषी लागतो आणि पुष्कळदा नातवंडंच दुभाषाचं काम करतात. एक आजी दर वेळी पोट दुखतं म्हणायच्या. तपासण्या सगळ्या ठीक. दोन वर्षांनी नातू रजेवर होता म्हणून दुसरी दुभाषी आली, बाईच होती, तेव्हा कळलं की जंगलात पळताना तान्हं बाळ रडू नये म्हणून त्याला अफू दिली होती, आणि ते उठलंच नाही. नातवासमोर ती हे कधीच बोलणार नव्हती. हिच्याकडे पानं नाहीयेत, मास्तर. दाखवा म्हणाल तर काय दाखवेल ती?

आणि तुम्ही २०१२ सालचं सांगितलंच नाहीत. अमेरिकेतल्या एका विज्ञान-रेडिओ कार्यक्रमानं एका ह्मोंग वडीलधाऱ्या माणसाला बोलावलं, दुभाषी म्हणून त्याची लेखिका पुतणी. तो सांगत होता की आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मध काढतो, मधमाशी आम्हाला शिकवू नका. निवेदक पुन्हा पुन्हा तेच, डोळ्यांनी पाहिलंत का, पावसाच्या वेळी विमान पाहिलंत का. शेवटी पुतणीला रडू कोसळलं, तिनं मुलाखत थांबवली. नंतर निवेदकाला आपल्या सुराबद्दल माफी मागावी लागली. तो निवेदक आणि तुम्ही एकाच वर्गात शिकलात की काय?

मास्तर_निवृत्त · शनिवार, दुपारी २.००

सुराबद्दल माफी मागितली, निष्कर्षाबद्दल नव्हे. रडण्यानं रसायनशास्त्र बदलत नाही.

फ्रेस्नोवाली · शनिवार, दुपारी २.०४

आणि रसायनशास्त्रानं माणूस जिवंत होत नाही. हा तुमचा वर्ग नाही, आणि मी बाकावर उभी राहणार नाही.

वैदर्भीय · शनिवार, दुपारी ३.१०

अरे बाप्पा, कुठून कुठं गेले लोक. माश्यांवर दहा प्रतिसाद, माणसांवर दोन.

मी अर्जुनी मोरगावचा. (पुण्या-मुंबईवाल्यांनी नकाशा काढा, गोंदिया जिल्हा, महाराष्ट्रातच आहे.) आमच्या बाजूला गोठणगावले तिबेटी कॅम्प आहे, नॉर्ग्येलिंग. १९७२ पासून. आमच्या शाळेत त्यातले दोन पोरं होते. दर १० मार्चले (१९५९ च्या ल्हासातल्या उठावाचा दिवस) त्यांचा कार्यक्रम व्हायचा, म्हातारे भाषण करायचे, रडायचे, अन् आम्ही पोरं बाहेर मोमोची वाट पाहत उभे. मले तेव्हा उंडगासारखंच वाटे. काय हे तेच तेच, कोण ऐकते यांचं.

मंग एक दिवस त्या मित्राच्या आजोबाले विचारलं, बाबा, तुम्ही परत जाणार नाही हे तुम्हाले माहीत आहे, मंग कायले करता? ते मराठीत म्हणले, “न बोलल्यावर तिकडचे म्हणतील हे पण विसरले.” तो मित्र आता कॅनडात आहे. कॅम्पात म्हातारेच जास्त उरले.

अन् थायलंडले शिव्या घालता तं हे पण सांगा, निर्वासितांच्या त्या करारावर आपल्या भारतानं पण सही केली नाही.

खवचट_काका · शनिवार, दुपारी ४.००

मला या धाग्यात सगळ्यात विनोदी काय वाटलं सांगू? सेंटपॉलकर. तिकडे बसून इकडच्या प्रत्येक निवडणुकीवर, खड्ड्यांवर आणि मराठी शाळांवर यांचे प्रतिसाद. मुलं मराठी बोलत नाहीत, पण मराठी भाषेचं काय होणार यावर धागे. आता ह्मोंग म्हाताऱ्यांची बाजू घेतायत कारण स्वतःची बाजू घेतल्यासारखं होतं. दूर बसून देशप्रेम करणाऱ्यांची अखिल जागतिक संघटना!

आणि लाओसच्या प्रश्नावर भारताला नाक नाहीच. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर लाओससाठी जे आंतरराष्ट्रीय कमिशन नेमलं त्याचे अध्यक्ष आपणच होतो. आधी युद्धबंदीवर आणि पुढे देशाच्या तटस्थतेवर नजर ठेवायची होती. नजर ठेवली. वरून बॉम्ब पडले, खालून व्हिएतनामी फौजा गेल्या, आपण अहवाल लिहिले.

सेंटपॉलकर · शनिवार, रात्री (इथे सकाळ) ९.१५

खवचट, माझी मुलं मराठी बोलतात. चुकीचं बोलतात, पण बोलतात. आणि माझी तुलना कृपा करून त्यांच्याशी करू नका. मी नोकरीसाठी आलो, विमानात जेवण आवडलं नाही म्हणून कुरकुरत आलो. पुण्याला जायचं म्हटलं तर तिकिटाचे पैसे एवढीच अडचण. आजोबांना परत जायचं म्हटलं तर काय होईल हे त्यांनाच माहीत नाही. दोन्ही ‘दूर बसून’ सारखं नाही.

उंडगा, तुमच्या काही गोष्टी खऱ्या आहेत, त्या आधी देऊन टाकतो म्हणजे तुम्ही परत काढणार नाही. वांग पाओबद्दल इथंही एकमत नाही. २००७ मध्ये शेजारच्या मॅडिसनमध्ये एका नव्या शाळेला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं. अटक झाली आणि दोन आठवड्यांत नाव काढून घेतलं. अफूच्या व्यापाराचे आरोप तिथल्याच विद्यापीठातल्या इतिहासकारानं केले होते. पण अर्धी गोष्ट सांगू नका. २००९ मध्ये त्यांच्यावरचा आणि २०११ मध्ये उरलेल्या सगळ्यांवरचा खटला सरकारनंच मागे घेतला. फ्रेस्नोत त्यांच्या नावाची शाळा उभी आहे. वर्गण्यांचं म्हणाल तर त्याहून वाईट सांगतो. २०१७ मध्ये इथंच एकाला शिक्षा झाली. ह्मोंगांचा स्वतंत्र देश होणार आहे, आधी पैसे भरा, जमीन-घर मिळेल, असं सांगून त्यानं म्हाताऱ्यांची आयुष्यभराची पुंजी घेतली. शेजारच्या आजोबांनी भरले होते की नाही मी विचारलं नाही. नातीच्या चेहऱ्यावरून भरले असावेत.

पण यातून तुम्ही काढता तो निष्कर्ष उलटा आहे. फसवले गेलेले म्हातारे म्हणजे धंदेवाले का? आणि ‘हद्दपारीतले लोक’ अशी एक मोट बांधू नका. लाओ मंडळींपैकी काहींना राजा परत हवाय, तीन तोंडांच्या पांढऱ्या हत्तीचा जुना झेंडा अजून फडकवतात (ऐरावतच तो, एरावण म्हणतात). काहींना फक्त निवडणुका हव्यात. ऑक्टोबर १९९९ मध्ये व्हिएनतियानला पत्रकं घेऊन निघालेल्या आणि तुरुंगात गेलेल्या विद्यार्थ्यांचे हे वारस. ह्मोंगांना लाओसमधल्या सायसोम्बूनच्या जंगलात, सैन्यापासून लपून अडकलेल्या नातेवाइकांची काळजी. हे एकमेकांच्या सभांना जात नाहीत, गेले तर भांडतात. धंदा करायलासुद्धा जरा एकी लागते.

बॉम्बांबद्दल: न फुटलेले बॉम्ब साफ करायला अमेरिकेनं पैसे द्यावेत म्हणून वर्षानुवर्षं मागे लागलेल्यांत इथल्याच लाओ-अमेरिकन तरुण मुली होत्या. २०१६ मध्ये ओबामा लाओसला जाऊन नऊ कोटी डॉलर जाहीर करून आले, ते आपोआप सुचलं नाही त्यांना.

मास्तर_निवृत्त · रविवार, सकाळी ७.५०

रात्री विचार केला. माझा मूळ मुद्दा कोणी समजूनच घेतला नाही. पिवळ्या पावसाची किंमत कोणी मोजली? हेगनी नाही. पुढे २००० नंतर सायसोम्बूनच्या डोंगरातून खरोखर उपाशी, जखमी माणसांच्या बातम्या यायला लागल्या, तेव्हा निम्म्या जगानं ‘पुन्हा तेच’ म्हणून कानाडोळा केला. अतिशयोक्ती ही उधारी असते आणि ती भलताच माणूस फेडतो. मी पुरावा मागतो तो त्यांच्याच भल्यासाठी.

फ्रेस्नोवाली · रविवार, सकाळी ८.३०

अतिशयोक्ती कोणी केली मास्तर? ह्मोंगांनी सांगितलं की आकाशातून काहीतरी पडलं आणि आमची माणसं मेली. त्याला रशियाचं बुरशीचं विष असं नाव हेगनी दिलं, बर्लिनमध्ये, स्वतःच्या राजकारणासाठी. साक्ष यांची, लेबल त्यांचं आणि खोटारडे ठरले हे.

आणि पुरावा आणायला गेलेल्यांचं काय झालं तेही सांगते. जून २००३ मध्ये दोन युरोपियन पत्रकार आणि सेंट पॉलचा एक ह्मोंग-अमेरिकन पाद्री त्या डोंगरातल्या लोकांना भेटून आले. पकडले. खटला म्हणावा तर काही तासांचा, शिक्षा पंधरा वर्षं. परदेशी सरकारांनी दबाव आणला म्हणून महिन्याभरात सुटले. त्यांच्याबरोबरच्या स्थानिक ह्मोंगांसाठी कोणाचं सरकार फोन करणार होतं? दाराला कुलूप घालायचं आणि आत काय आहे ते सिद्ध करा म्हणायचं, हे कुठलं शास्त्र?

मास्तर_निवृत्त · रविवार, सकाळी ९.१०

लेबलाचा मुद्दा मान्य. मला तो आधी सुचायला हवा होता. कुलूप हा आतल्या गोष्टीचा पुरावा होत नाही, यावर मात्र मी ठाम आहे. कुलपाचा पुरावा तेवढा होतो.

फ्रेस्नोवाली · रविवार, सकाळी ९.१२

छत्तीस वर्षांत एवढं तरी कोणाला दिलं होतंत का?

खवचट_काका · रविवार, सकाळी ९.३०

पेढे वाटा.

उंडगा · रविवार, सकाळी ११.००

सेंटपॉलकर, एक उत्तर द्या. तुमचे हे लोक वर्षानुवर्षं अमेरिकन सरकारला सांगत आले, लाओसशी व्यवहार करू नका. २००४ मध्ये सामान्य व्यापाराचा दर्जा (म्हणजे कमी आयातकर) द्यायची वेळ आली तेव्हाही त्यांच्यातले बरेच आडवे आले. गरीब देश, शेतकरी, विणकर. त्यांच्या पोटावर पाय देऊन कसले मानवाधिकार?

सेंटपॉलकर · रविवार, (इथे पहाट) ४.२०

झोप आली नाही म्हणून लिहितोय. व्यापाराबद्दल माझं मत तुमच्याच बाजूचं आहे. इथंही त्यावरून घराघरांत भांडणं झाली.

पण तुम्ही ‘आरामात बसलेले’ लिहिलंत ना, त्यावर एक. २०२५ पासून अमेरिका लाओसला माणसं परत पाठवतेय, पूर्वी क्वचित जायची, आता विमानं भरून. त्यात असेही आहेत जे लाओसमध्ये जन्मलेच नाहीत. बान विनाईत जन्मले, मांडीवर बसून इथं आले, नागरिकत्वाचा कागद राहून गेला, अठरा-एकोणीसाव्या वर्षी काहीतरी गुन्हा केला, शिक्षा भोगली, पुढे वीस-पंचवीस वर्षं नोकरी, घर, मुलं. बापानं अमेरिकेसाठी लढून ज्या सरकारच्या भीतीनं नदी ओलांडली, त्याच सरकारच्या हातात मुलाला अमेरिका नेऊन देतेय. वर जून २०२५ मध्ये लाओसच्या नागरिकांवर प्रवासबंदीही घातली, म्हणजे मागे राहिलेल्यांना भेटायला बोलावणं अवघड.

आजोबांचा पुतण्या त्यात आहे. त्याच भावाचा मुलगा, नदीतल्या. या वर्षी कुंपणावरून मोहरीचा पाला आला नाही. वाफे तसेच पडलेत.

वैदर्भीय · रविवार, दुपारी ४.०५

काय बोलावं याच्यावर.

उंडगा · रविवार, संध्याकाळी ६.४०

‘धंदा’ हा शब्द मागे घेतो. मूळ लेखात बदल केलाय. ‘विकतायत’ पण काढलं. वांग पाओबद्दलचं मत कायम, आणि लाओस मला आवडला हेही कायम, त्यासाठी तुमची परवानगी नकोय.

फ्रेस्नोवाली · रविवार, संध्याकाळी ७.१५

बदल बघितला. बरं केलंत. पण फोनसावनचा फोटो पण गेलेला दिसतोय, रांजणाशेजारी उभा होता तो गाइडचा. छान होता की तो. आणि त्याचं नाव होतं तिथं आता नुसतं ‘गाइड’?

उंडगा · रविवार, संध्याकाळी ७.५०

त्याचा काल निरोप आला. फोटो आणि नाव काढा म्हणाला, आणि त्याचं ते काकांबद्दलचं वाक्य पण. या धाग्यातलं मला काढता येत नाहीये, संपादकांना कळवलंय.

फ्रेस्नोवाली · रविवार, संध्याकाळी ७.५२

का?

उंडगा · रविवार, संध्याकाळी ८.२०

मी नाही विचारलं.

मधुबन · रविवार, रात्री ९.३०

मास्तर, कागद घातला हुता आज झाडाखाली. बारा ठिपके पडल्यात. पाकिटात घालून पाठवू का? पत्ता द्या.